लईचाचा आणि बसस्टँडवरचे चेहरे

लईचाचा माणसाच्या चेहऱ्यावर लोखंडी पट्टी चालवत नसत. कागदावरच्या चेहऱ्यावरसुद्धा नाही. जुनं पोस्टर काढायचं असलं की साडीचं दुकान, दवाखान्याचा पत्ता, सवलतीची मोठी मोठी अक्षरं हे सगळं ते पट्टीनं खराखरा खरवडून काढायचे. पण त्यात एखादा चेहरा आला की पट्टी खाली ठेवायचे. डब्यातलं पाणी ओंजळीनं त्यावर मारायचे आणि कागद पुरता भिजेपर्यंत खांबाला पाठ टेकून उभे राहायचे. मग दोन्ही हातांच्या बोटांनी तो चेहरा अलगद, न फाटता सोडवून घ्यायचे, घडी घालायचे आणि खांद्यावरच्या पिशवीत टाकायचे. मालक ओरडायचे, "अहो चाचा, एका खांबाला एवढा वेळ?" चाचा मान हलवून म्हणायचे, "हौ साब, होतंय." पुढच्या खांबावर पुन्हा तेच.

मी तेव्हा लातूरला एका छोट्या जाहिरात एजन्सीत नोकरीला होतो. माझं घर नांदेडचं, विष्णुपुरीकडचं. शिक्षण अर्धवट सुटलेलं, म्हणून मिळाली ती नोकरी धरली होती. बसस्टँडचे खांब, भिंती आणि फलाटांवरच्या चौकटी आमच्या मालकांकडे ठेक्यानं होत्या. दुकानदारांकडून जाहिराती आणणं माझं काम आणि त्या चिकटवणं चाचांचं. मोठ्या रस्त्यांवर फ्लेक्स आले होते, पण बसस्टँडच्या आत अजून कागद चालायचा. चाचा मला नावानं कधी हाक मारत नसत. सकाळी भेटलो की म्हणायचे, "क्या नांदेडवाले, आज काय विकायचंय लोकांना?"

लईचाचा हे नाव त्यांना फलाटावरच्यांनी दिलं. मैदा शिजवून केलेल्या खळीला ते त्यांच्या बोलीत लेई म्हणायचे. लोकांच्या तोंडी तिची लई झाली, आणि आमच्याकडे लई म्हणजे पुष्कळ. चहावाला रोज विचारायचा, "चाचा, लई हाय का?" चाचा बादली दाखवून म्हणायचे, "लई हाय!" दोघंही दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे. त्यांचं खरं नाव मला पुष्कळ दिवस माहीतच नव्हतं.

या खळीचा एक घोळ होता. स्टँडच्या आवारात शेळ्या फिरायच्या आणि त्यांना चाचांची पोस्टरं फार आवडायची. खालच्या बाजूनं चाटत चाटत त्या दुकानाचा फोन नंबर खाऊन टाकायच्या. दुकानदार माझ्यावर चिडायचे. मालकांनी सांगितलं, खळीत मोरचूद घाला, शेळ्या फिरकणार नाहीत. चाचा ऐकेनात. "जहर हाय ते. जनावर मरंल," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यात मैदा शिजवायला लागले. शेळ्यांनी काही दिवस तोंड फिरवलं, मग त्यांना तीही चव आवडायला लागली. चाचांनी सगळी पोस्टरं हातभर वर चढवली आणि मला म्हणाले, "शेळीला खाऊ दे भिंत. फोन नंबर वाचला म्हणजे झालं."

जाहिरात कुणासाठी असते, याबद्दल त्यांचं ठाम मत होतं. मी दुकानदारांना सांगायचो की आमच्या स्टँडवर रोज एवढी गर्दी असते, तेवढी गर्दी असते. चाचा हसायचे. "गर्दी काय वाचत न्हाई बेटा. गर्दी जागा धरायला पळती. वाचतो कोण? ज्याची गाडी चुकली तो. तो सगळं वाचतो. साडी वाचतो, मूळव्याध वाचतो, छापखान्याचं नावबी वाचतो." एकदा एका दुकानदारासमोरच ते हे बोलले. तो विचारात पडला आणि म्हणाला, मग गाड्या चुकतील अशा ठिकाणी माझी जाहिरात लावा.

आणखी एक सवय होती. गाडी फलाटाला लागली की चाचांचा ब्रश थांबायचा. दार उघडून शेवटचा माणूस उतरेपर्यंत ते उतरणाऱ्यांकडे बघत राहायचे. खळ गळून पायावर पडायची तरी लक्ष नसायचं. मला वाटायचं, दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभा राहणारा माणूस, त्याला माणसं बघायची हौस असणार.

उन्हाळा संपत आला की लातूरला शिकवण्यांचा हंगाम सुरू होतो. गावोगावची मुलं ट्रंका आणि गाद्या घेऊन स्टँडवर उतरतात, आणि त्यांनी उतरल्या उतरल्या कोणत्या क्लासकडे वळायचं हे ठरवायला आमच्या जाहिराती खांबाखांबावर तयार असतात. त्यात मुलांचे चेहरे असतात, ओळीनं, पासपोर्ट फोटोसारखे. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असाच एक क्लास होता. त्या वर्षी त्यांच्या जाहिरातीत वरच्या ओळीत, कडेला, एका मुलीचा फोटो होता. दोन वेण्या, कपाळ मोठं, ओठ मिटलेले. खाली नाव, प्रज्ञा सोनकांबळे.

तिचे वडील कंडक्टर होते, उदगीर डेपोचे. उदगीरची गाडी घेऊन लातूरला आले की हिशेबाची पेटी काखेत धरून पहिल्यांदा त्या खांबापाशी जायचे, खिशातून रुमाल काढायचे आणि लेकीच्या चेहऱ्यावरची धूळ पुसायचे. चाचांनी हे बघितलं. पुढच्या वेळी नवीन पोस्टर लावताना त्यांनी कंडक्टरला खांबाजवळ उभं केलं, त्यांच्या नजरेची उंची घेतली आणि प्रज्ञाचा फोटो बरोबर त्या उंचीवर येईल असं पोस्टर चिकटवलं. तिथून दोघांची दोस्ती झाली. गाडी सुटायला वेळ असला की सोनकांबळे चाचांना चहा पाजायचे आणि लेकीबद्दल बोलायचे. दहावीला गावात पहिली आली, बारावीला चांगले मार्क पडले म्हणून क्लासनं फोटो छापला, आता त्याच क्लासात डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी एक वर्ष जास्तीचं घेतलंय, होस्टेलवर राहते. "आमच्या सगळ्या घरात पहिली डॉक्टर होईल बघा चाचा," असं म्हणताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. चाचा म्हणायचे, "इन्शाल्ला. मग माझा गुडघा तिलाच दाखवीन."

थंडीच्या दिवसांत प्रज्ञा होस्टेलवरून निघून गेली. फोन खोलीवर ठेवलेला. दप्तर, कपडे सगळं जागच्या जागी. सोनकांबळे ड्युटीच्या कपड्यांतच धावत आले. पोलिसांत गेले, मैत्रिणींकडे गेले, नातेवाइकांना फोन केले. काही कळेना. दोन दिवसांत माणूस वाळून गेल्यासारखा दिसायला लागला.

तिसऱ्या दिवशी क्लासच्या व्यवस्थापकाचा मालकांना फोन आला. पोरगी पळून गेल्याची चर्चा चालली आहे, तिचा चेहरा आमच्या जाहिरातीवर नको. नवीन पोस्टरं छापून येतील तेव्हा येतील, तोवर तेवढा एक फोटो खरवडून टाका आणि वर कोरा कागद लावा. मालक माणूस वाईट नव्हते. त्यांनी चाचांना बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, "चाचा, मला पण लेकरं हायत. मला पण बरं वाटत न्हाई. पण ह्या गिऱ्हाइकावर आपली एजन्सी उभी हाय. आज संध्याकाळपर्यंत काढून टाका."

चाचा बादली उचलून फलाटावर गेले. मी मागोमाग गेलो. खांबापाशी सोनकांबळे बसले होते. शेजारी त्यांचा मेव्हणा उभा होता आणि त्यांना समजावत होता, की आता जास्त बोभाटा करू नका. सोनकांबळेंनी चाचांना बघितलं आणि ते म्हणाले, "काढायला आलाव ना चाचा? काढा. मेव्हणा बी तेच म्हणतोय. पोरीचं नाव भिंतीवर राहिलं तर उद्या ती आली तरी तोंड कसं दाखवंल? काढून टाका."

चाचांनी बादली खाली ठेवली. ते सोनकांबळेंच्या समोर उकिडवे बसले.

"सोनकांबळे, माझी नसरीन इथंच हरवली," ते म्हणाले.

आम्हाला कुणालाच समजलं नाही. मेव्हणा म्हणाला, "कोण नसरीन?"

"माझी पोरगी. एकच होती. लई वर्सं झाली. तिथं, त्या फलाटावर. उदगीरला लग्नाला गेलतो, परत आलो. गर्दी लई होती. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात तिचा हात. पेटी निसटली म्हणून तिचा हात सोडला. पेटी उचलली अन् वर बघितलं, तर पोरगी न्हाई." चाचा बोलताना जमिनीकडे बघत होते. "चौकीवर गेलो. साहेब म्हणाले, फोटो आण. फोटो कुठला? ईदीला काढू, असं तिची अम्मी म्हणत होती. मी सांगत बसलो. साहेब, गोरी हाय, पुढचा दात पडलेला हाय, हिरवा फ्रॉक हाय. साहेब म्हणाले, अशा पोरी लई असतात. खोटं न्हाई बोलले ते. लईच असतात."

मेव्हणा खाली बसला. चाचा म्हणाले, "मी तेव्हा आडतीवर हमाल होतो. सोडून दिली हमाली. इथं भित्तीला कागद लावायचं काम मिळालं, ते धरलं. का? बस्टँडावर राहायला मिळतं म्हणून. रोज गाड्या येतात. एखाद्या गाडीतून उतरंल." मग त्यांनी खांबाकडे हात केला. "माझ्याजवळ एवढासा फोटो असता, तर ह्या मुलखातला एक बस्टँड सोडला नसता मी. तुमच्या पोरीचा फोटो खांबाखांबावर हाय. छापलेला. नावासकट. अन् तुम्ही म्हणता काढा?"

सोनकांबळे दोन्ही हात तोंडावर धरून बसले. मेव्हण्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. शेवटी सोनकांबळेंनी तोंडावरचे हात काढले आणि ते मला म्हणाले, "नांदेडवाले, तुम्हाला लिहिता चांगलं येतं. लिहा."

मी लिहिलं. 'ही मुलगी हरवली आहे. कुणाला दिसल्यास कळवा. प्रज्ञा, तुला कुणीही रागावणार नाही. घरी ये.' शेवटची दोन वाक्यं वडिलांनी सांगितली. खाली त्यांचा फोन नंबर. स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्यानं चिठ्ठ्या काढून दिल्या. चाचांनी प्रत्येक खांबावर, प्रज्ञाच्या फोटोखाली एकेक चिठ्ठी चिकटवली आणि फोटोकडे नेणारा लाल रंगाचा बाण काढला. संध्याकाळपर्यंत क्लासची सगळी जाहिरात त्या एका मुलीची झाली होती. लोक थांबून वाचायला लागले. ज्यांच्या गाड्या लागलेल्या होत्या तेही थांबले.

पुढे जे व्हायचं ते झालं. क्लासनं जाहिराती बंद केल्या आणि मालमत्तेची खराबी केली म्हणून तक्रार दिली. चाचांना पोलीस चौकीवर बोलावलं, दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. सोनकांबळे वर्दीत येऊन त्यांच्याशेजारी बसले. दोन बाप, एक वर्दीतला आणि एक खळीनं कडक झालेल्या सदऱ्यातला, असे तिथे बसलेले बघून अधिकाऱ्यानं समज देऊन सोडलं. मालकांनी चाचांना कामावरून कमी केलं. सांगताना मालकांचे डोळे भरून आले होते, हेही सांगायला पाहिजे. चाचा त्यांना म्हणाले, "रो मत साब. तुम्ही तुमचं केलं, मी माझं केलं." बादली एजन्सीची होती, ती धुऊन, पालथी घालून परत दिली.

पण चिठ्ठ्या तशाच होत्या. नवीन पोस्टरं यायला वेळ होता, आणि चाचांच्या जागी दुसरा माणूस मिळेना. एका दिवशी भल्या सकाळी सोनकांबळेंना फोन आला. देगलूरकडची एक बाई होती. लातूरला लेकीकडे आली होती, गाडी चुकली म्हणून स्टँडवर बसून होती, तेव्हा तिनं तो फोटो बघितला होता आणि नंबर टिपून घेतला होता. आता नांदेडला गुरुद्वाऱ्यात आली आहे, आणि तशीच एक पोरगी इथे लंगरमध्ये पोळ्या लाटत बसलीय. आधी वाटलं चूक झाली, पण कपाळ तेच आहे.

त्या दिवशी रविवार होता, मी घरी नांदेडलाच होतो. सोनकांबळे आणि चाचा लातूरहून आले. मी त्यांना नांदेडच्या स्टँडवर भेटलो. गुरुद्वाऱ्याच्या दारात चाचा थांबले. जोडे ठेवायच्या जागी जाऊन बसले आणि म्हणाले, "बाप-लेकीच्या मधे मी कशाला? तुम्ही जा." आत लंगरच्या बाजूला बायकांची रांग पोळ्या लाटत होती. डोक्यावरून ओढणी घेतलेली प्रज्ञा शेवटी बसली होती. वडील समोर जाऊन उभे राहिले. तिनं वर बघितलं आणि लाटणं हातातच राहिलं. सोनकांबळे म्हणाले, "जेवलीस का ग?" बस. एवढंच. ती उठली आणि पिठाच्या हातांनी तिनं वडिलांचा शर्ट धरला.

बाहेर येऊन पायऱ्यांवर बसल्यावर ती बोलली. क्लासच्या परीक्षांत ती मागे पडत गेली होती. वरच्या तुकडीतून खालच्या, तिथून आणखी खालच्या तुकडीत टाकलं होतं. वडिलांना सांगायचा धीर झाला नाही. "पप्पा, तुम्हाला भेटायला स्टँडवर यायची ना मी, तर प्रत्येक खांबावरून मीच माझ्याकडं बघायची. ती फोटोतली पोरगी हुशार होती. मला तिची भीती वाटायला लागली. मला तिथून लांब जायचं होतं, बस्स." सोनकांबळेंनी मान खाली घातली. रुमालानं तो चेहरा रोज कोण पुसत होतं, हे त्यांना आठवलं असणार. ते म्हणाले, "न्हाई व्हायचं डॉक्टर. आपल्याला काय करायचंय डॉक्टर होऊन. तू हायस ना?"

चाचा जवळ आले. प्रज्ञानं त्यांना स्टँडवर लांबून बघितलं असेल, पण ओळख नव्हती. वडिलांनी सांगितलं, यांनी तुला शोधली. चाचा तिच्याकडे बघत राहिले. तिच्या डोक्यावर हात ठेवावा म्हणून त्यांनी हात उचलला, मग स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि तो सदऱ्याला पुसला. मगच ठेवला. ती म्हणाली, "चाचा, तो फोटो काढाल का तिथून? सगळीकडून?"

"हौ बेटी," ते म्हणाले. "आत्ताच जाऊ."

संध्याकाळी आम्ही लातूरला पोहोचलो. चाचांना आता एजन्सीचा काही अधिकार नव्हता, पण स्टँडवर त्यांना कुणी अडवलं नाही. चहावाल्यानं आपली पाण्याची बादली दिली. चाचा एकेका खांबावर पाणी मारायचे आणि थांबायचे. प्रज्ञाही थांबायची. मग ते कडेनं नख घालून कागद सुटा करायचे आणि पुढचं तिला करू द्यायचे. तिनं स्वतःच्या हातांनी आपला चेहरा एकेका खांबावरून उतरवला. एका ठिकाणी तो फाटला. ती घाबरून चाचांकडे बघायला लागली. चाचा म्हणाले, "फाटू दे. तू हायस ना इथं उभी. मग कागदाचं काय?" ते ओले कागद तिनं गोळा केले आणि सोनकांबळेंनी घडी न घालता आपल्या तिकिटाच्या पेटीत ठेवले.

त्या सगळ्या वेळात एकदाही चाचांच्या तोंडून नसरीनचं नाव निघालं नाही. पण शेवटच्या खांबापाशी निलंग्याची गाडी येऊन लागली, तेव्हा ते भिजलेला हात तसाच धरून वळले आणि दारातून उतरणाऱ्या बायका बघत उभे राहिले. आम्हीही त्यांच्याबरोबर बघत राहिलो. गाडी रिकामी झाली.

पुढे चाचांना तसं पक्कं काम मिळालं नाही. गावाबाहेरच्या भिंतींवर लग्नाच्या हॉलची, कुणाच्या विहीर खोदणाऱ्या मशीनची पोस्टरं लावायचे. स्टँडवर मात्र रोज यायचे. काम नसताना येऊन बाकावर बसायचे. नंतर त्यांना दम लागायला लागला. जिना चढता येईना, शिडीचा तर प्रश्नच नव्हता. मी तोवर लातूर सोडून नांदेडला एका छापखान्यात लागलो होतो. सोनकांबळे फोनवर कळवत राहायचे. प्रज्ञा उदगीरलाच कॉलेजला जात होती. डॉक्टरकीचं नाव त्या घरात कुणी काढत नव्हतं.

शेवटचा भेटलो तेव्हा चाचा घरी खाटेवर होते. एकच खोली, पत्र्याची, आडत बाजाराच्या मागच्या बोळात. चाची पायाशी बसली होती. बुटकी, शांत बाई. मी सोनकांबळेंबरोबरच गेलो होतो. चाचांना बोलायला त्रास होत होता. छाती भात्यासारखी चालत होती. सोनकांबळेंना बघून ते म्हणाले, "उदगीरची टायमावर आली का?"

"आली चाचा. आताच आणली."

"कोण कोण उतरलं?"

मला वाटलं होतं त्यापेक्षा सोनकांबळेंनी नीट उत्तर दिलं. दोन म्हाताऱ्या, कॉलेजची पोरं, एक बाई लेकराला घेऊन, अशी सगळी माणसं त्यांनी एकेक करून सांगितली. चाचा डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "मी आता तिथं न्हाई. कोण बघतंय मग?"

"मी बघतो की. माझी ड्युटीच हाय ती."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "चाचा, ती आता बाई झाली असेल. तुम्ही तिला ओळखणार कसं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बोलायला वेळ लागला. "मी कुठं ओळखतो नांदेडवाले," ते म्हणाले. "ती ओळखंल की. अब्बाला ओळखंल. म्हणून तर तिथं उभा राहायचो."

थोड्याच दिवसांत ते गेले. मातीला स्टँडवरचे सगळे होते. चहावाला, पेपरवाला, हमाल, दोन ड्रायव्हर आणि आमचे जुने मालकही. सोनकांबळेंनी रजा टाकली होती. कब्रस्तानापर्यंत त्यांनी खांदा बदलू दिला नाही.

चाळिसावा झाल्यावर मी, सोनकांबळे आणि प्रज्ञा चाचीला भेटायला गेलो. तिनं चहा केला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग तिनं मला विचारलं, "साब, तुम्ही लोकांच्या जाहिराती छापता ना?"

"हो चाची."

"एक माझी छापा. नसरीनला कळवायचं हाय, अब्बा गेले म्हणून. दुसरं कसं कळवणार? तिचा पत्ता कुठं हाय माझ्याजवळ?"

माझ्या मनात एक प्रश्न आला, पण तो मला विचारवेना. प्रज्ञानंच विचारला, अगदी हळू. "चाची, तिला मराठी वाचता येतं?"

"पहिलीत होती. मराठी शाळेत. क, ख यायचं," चाची म्हणाली. "पुढचं कुणीतरी शिकवलं असंल ना ग? कुणाच्या तरी घरात वाढली असंल. शिकवलंच असंल."

प्रज्ञानं पिशवीतून कागद काढला. मी सांगितलं, तिनं लिहिलं. 'नसरीन, तुझे अब्बा शेख महेबूब अल्लाघरी गेले. ते लातूरच्या बसस्टँडवर तुझी वाट बघत होते.' प्रज्ञानं ते चाचीला वाचून दाखवलं. चाचीनं पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि नुसती मान हलवत राहिली.

"बरोबर आहे ना चाची?"

"बरोबर हाय. पर आणखी एक लिव." ती उठली, दाराची कडी उगाच हातानं चाचपून आली आणि पुन्हा बसली. "घरमालक म्हणत होता खोली पाडायची, दुसरीकडं जावा. चांगली पक्की खोली देतो म्हणला. हे न्हाई म्हणले. मी पण न्हाई म्हणले. तिला हाच बोळ म्हाईत हाय. दुसरीकडं गेलो तर पोरगी कुठं येणार? ते लिव."

मी छापखान्यात ते कागद छापले. कुठल्या एजन्सीला विचारलं नाही. सोनकांबळेंनी उदगीरला आणि देगलूरला लावले, मी नांदेडच्या बसस्टँडवर आणि रेल्वे स्टेशनच्या जिन्यावर लावले. मैदा घरी शिजवला होता. माझ्या हातून कागद सरळ लागेना, सुरकुत्या पडत होत्या. एक माणूस मागे उभा राहून वाचत होता. त्यानं विचारलं, "याच्यात फोटो कुठाय?" मी म्हणालो, "फोटो नाही." तो तरीही हलला नाही, पूर्ण वाचून काढलं. खाली, सगळ्यात शेवटी, चाचीची ओळ होती. ती आम्ही मोठ्या अक्षरात छापली होती.

'अम्मी अजून त्याच खोलीत आहे.'